अनसूयाबाईंची काचेची लिफ्ट

यवतमाळ जिल्ह्यात उंच इमारती फारशा नाहीत, आणि मी गेली पंचवीस वर्षं इथे लिफ्ट बसवण्याचा धंदा करतो. एवढ्यावरून माझ्या व्यवहारज्ञानाचा अंदाज यावा. माझ्या सासऱ्यांना तो लग्न ठरतानाच आला होता. "पोरगा काय करते?" या प्रश्नावर "लिफ्ट बसवते" असं उत्तर मिळालं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "कोठी?" त्या वेळी माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तरीही मुलगी त्यांनी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

आता दवाखाने झाले, लॉज झाले, मंगल कार्यालयं दोन मजली झाली. पोट भरतं. गिऱ्हाइकं मात्र अजून चमत्कारिकच भेटतात. बोरी अरबच्या एका गृहस्थांनी मला घर दाखवायला बोलावलं. घर एकमजली, वर नुसती गच्ची. मी म्हटलं, "वरचा मजला कुठे आहे?" ते म्हणाले, "बांधू नं बापा. आधी लिफ्ट तं येऊ द्या." त्यांच्या धाकट्या भावाने दुमजली बंगला बांधला होता आणि त्याला जिना होता. जिन्याला उत्तर म्हणून यांना लिफ्ट हवी होती. मी त्यांना समजावून नको म्हटलं आणि घरी येऊन सौभाग्यवतींना अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आलेलं काम घालवलं."

लिफ्ट म्हणजे काय, हे लोकांना वाटतं तितकं गूढ नाही. विहिरीवरचा रहाट आठवा. चाकावरून दोर गेलेला असतो. एका टोकाला माणसं बसतात ती खोली, दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन. हे वजन खोली अधिक निम्मी माणसं, एवढं ठेवतात. त्यामुळे मोटरला सगळा भार उचलावा लागत नाही, दोन्हींमधला फरक तेवढा उचलावा लागतो. बाकी सगळी सुरक्षिततेची व्यवस्था. दोर तुटला तर खोली रुळाला धरून ठेवणाऱ्या पकडी, वीज गेली तर जवळच्या मजल्यापर्यंत नेणारी बॅटरी, दारात कुणी असेल तर दार लागू न देणारा किरणांचा पडदा. आमच्या शास्त्रात माणूस अडुसष्ट किलोचा धरतात. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे चारशे आठ किलो. मी स्वतः चौऱ्याऐंशी आहे, म्हणजे माझ्याच हिशोबाने मी जवळजवळ सव्वा माणूस आहे. अक्कल त्या प्रमाणात वाढलेली नाही, हे पुढे कळेलच.

उमरखेडला बाजाराच्या रस्त्यावर एक तीन मजली कापडाचं दुकान आहे. ते उभं केलं अनसूयाबाईंनी. तरुणपणी त्या कापडाचं गाठोडं घेऊन एसटीने फुलसावंगीचा बाजार करायच्या, मग उमरखेडला टपरी, मग गाळा, मग ही इमारत. आता दुकान त्यांचा मुलगा मिलिंद आणि सून सांभाळतात. पण सगळ्यात वरच्या मजल्यावर पांढऱ्या साड्यांचं दालन आहे आणि ते बाईंचं. बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. त्यासाठी महागाव, पुसद, पलीकडे हदगावपासून लोक यांच्याकडे येतात. परक्याला पांढरं म्हणजे पांढरं. बाईंकडे त्यात दुधी आहे, मोतिया आहे, चुन्याचा आहे, भाताच्या पेजेचा आहे, आणि कोणत्या सावळ्या पोरीला कोणता पांढरा खुलेल हे त्या पोरगी गादीवर बसायच्या आत सांगतात.

गुडघे गेले आणि बाईंचा जिना बंद झाला. त्या घरी बसल्या. पांढऱ्याचं दालन सुनेकडे गेलं. सून हुशार, पण गिऱ्हाईक वर येऊन पहिलं विचारायचं, "बाई कोठी हाय?" बाई नाहीत कळलं की साडी न घेताच उठायचं, असंही होऊ लागलं. इकडे घरात वेगळीच तऱ्हा. मिलिंदभाऊ माझ्याकडे आले ते हात जोडूनच.

"साहेब, आई घरी बसून राह्यली तं सुनेच्या वरणात चुका काढते. तिले दुकानात पोचवा. आमचं घर वाचवा."

मी म्हटलं, सोपं आहे. साधी स्टीलची लिफ्ट बसवू. त्यावर बाईंचीच अट आली. नांदेडच्या एका दवाखान्यात त्या एकदा वीज गेल्याने लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. "आपला हात आपल्याले दिसत नव्हता," त्या म्हणाल्या. "पेटीत मी बसत नाही. बाहीरचं दिसलं पाहिजे. मी कोठी हाय थे मले समजलं पाहिजे."

म्हणजे काचेची. इमारतीच्या आत जागा नव्हती, म्हणून दर्शनी बाजूला, रस्त्यावर तोंड करून, पुढून अर्धगोल. मी असली लिफ्ट आधी कधी बसवली नव्हती. हे मी मिलिंदभाऊंना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "आमीबी कधी घेतली नव्हती," आणि काम ठरलं.

काचेच्या लिफ्टची अडचण काच ही नव्हेच. साध्या लिफ्टमध्ये आमचं निम्मं काम लपलेलं असतं. वंगणाने काळे झालेले रूळ, लोंबणारी केबल, वजनाच्या लोखंडी विटा, वेल्डिंगचे डाग, सगळं भिंतीआड. इथे भिंतच नाही. रस्त्यावर चहा पिणारा माणूससुद्धा तुमची कारागिरी तपासतो. शिवाय रूळ टांगायलाही भिंत नाही, म्हणून आधी लोखंडी सांगाडा उभा करायचा आणि तो दर मजल्याला स्लॅबशी बांधायचा. इमारत ओळंब्यात आहे असं नकाशा म्हणत होता. मी स्वतः ओळंबा सोडून पाहिलं, तर ती वर जाताना चार सेंटिमीटर रस्त्याकडे झुकलेली निघाली. गोल काच कारखान्यातून मापानुसार वाकवूनच येते, जागेवर ती कापता येत नाही. तेव्हा सांगाडा ओळंब्यात आणि इमारत वाकडी, मधलं अंतर वेगवेगळ्या लांबीच्या लोखंडी ब्रॅकेटनी भरलं. काच आली, बसली, एकही तडा नाही. वाऱ्याचा दाब मोजला, मे महिन्याचं ऊन मोजलं, आतली गरम हवा वरून निघून जावी म्हणून झरोके किती हवेत ते मोजलं. काचेवर पाली चढतील आणि त्यांची पोटं गिऱ्हाइकांना दिसतील, हासुद्धा विचार करून मी खाली जाळी लावली. पाली वरून आल्या.

बाईंनी काचेवर बोटाने टकटक करून पाहिलं, मडकं घेताना करतात तसं.

"फुटली तं?"

मी सविस्तर सांगितलं की या दोन काचा आहेत, मध्ये चिकट पापुद्रा आहे, तडा गेला तरी तुकडे जागेवरच राहतात. बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे फुटते," त्या म्हणाल्या.

"फुटते, पण पडत नाही."

"बरं."

हिवाळ्यात लिफ्ट सुरू झाली. बाई रोज सकाळी काठी टेकत येत, आतल्या स्टुलावर बसत आणि साऱ्या बाजाराच्या डोळ्यांदेखत वर जात. रस्त्यावरचे लोक हात करायचे, त्या मान हलवायच्या. वर गेल्या की दिवसभर गादीवर. वरणातल्या चुका बंद झाल्याचं मिलिंदभाऊंनी मला खास फोन करून कळवलं. मी त्या लिफ्टचा फोटो माझ्या कार्डावर छापून घेतला. हा पहिला मूर्खपणा.

लग्नसराई लागली आणि लिफ्ट बंद पडू लागली. तक्रार एकच. खालच्या मजल्यावर दार लागत नाही. पाऊण लागतं, परत उघडतं, पाऊण लागतं, परत उघडतं, आणि मग लिफ्ट जी गप्प होते ती हलतच नाही. ही गप्प होण्याची सोय माझीच. दार सहा वेळा प्रयत्न करूनही लागलं नाही तर काहीतरी बिघडलं आहे असं समजून यंत्रणेने थांबावं, आणि आमच्या माणसाने येऊन तपासल्याशिवाय सुरू होऊ नये, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. कारखान्याची पद्धत एवढी कडक नव्हती. पण मी पडलो काटेकोर.

यवतमाळहून उमरखेड जवळ नाही. मी पोचेपर्यंत दुकानाचे चौकीदार रहीमचाचा दारात उभे असत. साठी ओलांडलेले, स्वच्छ पांढरी दाढी, वागणं अतिशय अदबीचं. लिफ्टसमोरची फरशी पुसून लख्ख केलेली. मी कळ दाबून लिफ्ट सुरू करायचो, पन्नास वेळा दार उघडून लावून पाहायचो. एकदाही चूक नाही.

"चाचा, बंद पडली तेव्हा काय झालं होतं?"

"कुच नई साब. दरवाजा लगतच नव्हता. पब्लिक लई होती."

मी किरणांचा पडदा बदलला. हा पडदा म्हणजे दाराच्या दोन्ही कडांना बसवलेल्या दोन पट्ट्या. एकीतून न दिसणारे किरण निघतात, दुसरी ते पकडते. मध्ये हात, पाय, पिशवी, काहीही आलं की किरण अडतो आणि दार परत उघडतं. नवा पडदा लावला. पुन्हा तेच. मग नियंत्रणाचा बोर्ड बदलला. पुन्हा तेच.

मग मी डोकं लावायचं ठरवलं. तक्रारी दुपारनंतरच्या होत्या. दुकानाचं तोंड पश्चिमेला. भिंत काचेची. म्हणजे तिरपं ऊन थेट त्या पट्टीवर पडत असणार आणि तिचे डोळे दिपत असणार. हे शास्त्राला धरून आहे, असं खरोखर होतं. मी सूर्याचे कोन काढले, सावल्या आखल्या, काचेला ऊन गाळणारी फिल्म लावली आणि दारावर पत्र्याची सुबक टोपी बसवली. सौभाग्यवतींना जेवताना आकृती काढून समजावलं. त्यांनी विचारलं, "वरच्या मजल्यांवर ऊन नाही का पडत? तिथलं दार तर लागतं म्हणता." मी म्हटलं, तुला यातलं कळायचं नाही.

टोपी लावल्यावर काही दिवस लिफ्ट छान चालली. मग एका ढगाळ दुपारी, सूर्याचा कुठे पत्ता नसताना, ती बंद पडली. आणि त्या वेळी अनसूयाबाई वर होत्या.

पुढचं मी पाहिलं नाही, मिलिंदभाऊंनी सांगितलं. लिफ्ट खाली, दार उघडं, ठप्प. मी दिग्रसच्या एका दवाखान्याच्या कामात अडकलो होतो, निघायला उशीर झाला. बाईंना औषधाची वेळ, त्यात वर पाणी संपलेलं. शेवटी दुकानातल्या चार जणांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून जिन्याने खाली आणली. जिन्यावर लग्नाचं गिऱ्हाईक दाटलेलं. सगळे भिंतीला टेकून वाट देत होते. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. कुणीतरी हातही जोडले म्हणे.

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा बाई घरी पोचल्या होत्या. मी भेटायला गेलो. त्या बाजेवर बसून होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"या साहेब. बसा. तुमच्या लिफ्टीत किती मानसं बसते म्हनले होते?"

"सहा."

"चढवाले सहाची जागा. अन् उतरवाले चौघं लागले." मग त्या म्हणाल्या, "मानसाले चौघं कवा उचलते, मालूम हाय नं तुमाले?"

मी कशावर तरी नजर ठेवायची म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो.

"मी आता येत नाही," त्या म्हणाल्या. "लेकाले सांगतलं म्या. दालन सुनेचं. मी घरी बरी."

घरी परतताना मी कार्डावरचा तो फोटो काढून टाकायचं ठरवलं. पण खरं दुखणं वेगळं होतं. दोर, पकडी, वजन, काच यांतलं काहीही चुकलं असतं तर मला कळलं असतं. इथे सगळं बरोबर होतं, आणि माझ्या बरोबर लिफ्टमुळे एक बाई आपल्या जागेवरून उठून घरात बसली होती.

यानंतर काय झालं ते सांगताना मला माझ्या बुद्धीची बाजू घेता येत नाही. भाचीचं लग्न ठरलं होतं. सौभाग्यवती म्हणाल्या, साड्या उमरखेडच्याच दुकानातून घेऊ, तेवढंच आपल्या हातून त्यांना बरं वाटेल. मी तक्रारीवर जायचो तेव्हा फोन करून जायचो. त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून, न कळवता, बाजाराच्या दिवशी भर दुपारी गेलो.

दुकानात ही गर्दी. आम्ही लिफ्टपाशी गेलो. आमच्यापुढे तीन बायका आणि कडेवर मूल असलेली एक. त्या आत शिरल्या. सौभाग्यवतीही शिरल्या. मी शिरलो. दार पाऊण लागलं आणि परत उघडलं.

 मी मनात म्हटलं, चला, आज रोग अंगावर आलेला पाहायला मिळतो आहे. मी दाराच्या पट्टीला नाक लावलं. लाल दिवा लागत होता, म्हणजे किरण अडत होता. पट्टी स्वच्छ होती. वर पाहिलं, टोपी जागेवर. दार दुसऱ्यांदा उघडलं. बाहेर लोक जमले. काचेच्या लिफ्टचा हा फायदा असतो, इंजिनिअरची फजिती चारही बाजूंनी दिसते. मी खिशातून टॉर्च काढला. दार तिसऱ्यांदा उघडलं.

"अहो," सौभाग्यवती म्हणाल्या.

"थांब जरा."

"अहो, पण तुमचा बूट."

मी खाली पाहिलं. मी पायात मोजे घालून उभा होतो. माझे दोन्ही बूट दारापाशी होते. उजवा बाहेर पडलेला आणि डावा बरोबर किरणांच्या वाटेत उभा. त्याच्या शेजारी कडेवर मूल असलेल्या बाईची उंच टाचेची चप्पल, आणि बाहेर फरशीवर आणखी सात-आठ जोड.

चपला काढल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं. वर गादी आहे, गादीवर पांढऱ्या साड्या पसरलेल्या असतात, तिथे चपला घालून जायचं नाही, हे त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं माहीत. पूर्वी लोक जिन्याच्या पायथ्याशी चपला काढत. मी महिनोन्महिने तिथे काम केलं आणि चपलांच्या त्या ढिगाला वळसा घालून आत-बाहेर केलं. आता जिन्याच्या जागी लिफ्ट आली. तिला पायरी नाही, उंबरठा नाही. मग काढायच्या कुठे? एक पाय आत टाकायचा आणि दुसऱ्या पायातली तिथेच सरकवायची. घरगुती पातळ स्लिपर असेल तर ती सगळ्यात खालच्या किरणाच्याही खाली राहते आणि दार लागतं. लग्नाच्या खरेदीला मात्र माणूस चांगली सँडल घालून येतो. म्हणून लग्नसराई. खेड्यांतून येणारी माणसं दुपारच्या गाड्यांनी उतरतात. म्हणून दुपार. आणि वरच्या मजल्यावर चपलाच नसतात, म्हणून तिथलं दार नेहमी लागतं. सूर्य निर्दोष होता.

मी रहीमचाचांना गाठलं.

"चाचा, लिफ्ट बंद पडायची तेव्हा इथे चपला असायच्या का?"

"असायच्या नं साब. ढेर लगता हय."

"मग मी यायचो तेव्हा का नसायच्या?"

चाचा ओशाळले. "साब येऊन राह्यले, अन् दरवाजे में जूते-चप्पल? अच्छा दिखता का? फोन आला की मय सब उचलून, पोछा मारून ठेवत होतो."

मला हसूही येईना. एवढ्या लांबून मी यायचो आणि माझ्या मानासाठी आजाराचं कारण दर वेळी उचलून बाजूला नीट लावून ठेवलेलं असायचं.

त्या दिवशी साडी घ्यायची राहिली.

कारण सापडलं म्हणजे इलाज सापडला, असं मला वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी "लिफ्टमध्ये चपला घालून यावे" अशी ठळक पाटी लावली. लोकांनी पाटी वाचली आणि पाटीखाली चपला काढल्या. मिलिंदभाऊ म्हणाले, "साहेब, वर पांढरं हाय. पाटीचं कोन ऐकते?" त्यांचंही बरोबर होतं. चपला वर गेल्या असत्या तर गादीचं काय झालं असतं?

मग मी कारखान्यात आखतात तशी पिवळी-काळी पट्टी दारासमोर जमिनीवर रंगवली, अगदी दाराला लागून. धोक्याची खूण आहे, लोक लांब राहतील. संध्याकाळी येऊन पाहतो तर त्या पट्टीवर ओळीने चपला, टाचा जुळवून, शाळेच्या कवायतीसारख्या. रोज अस्ताव्यस्त पडणाऱ्या चपला पहिल्यांदाच शिस्तीत, आणि सगळ्या नेमक्या दारात. लिफ्ट अर्थातच ठप्प.

ते पाहताना मात्र मला उलगडलं. लोक हट्टी नव्हते. त्यांना चपला कुठे काढायच्या याची एक रेघ हवी होती. ती मी आखून दिली होती, फक्त चुकीच्या जागी. मी ती पट्टी खरवडून काढली आणि दारापासून चार फूट अलीकडे नवी आखली. यावेळी पिवळी-काळी नाही, साधी तांबडी, घराच्या उंबऱ्याला देतात तसा रंग. चपला तिथे जाऊन बसल्या. पाटी नाही, सूचना नाही. मोजमाप करणाऱ्या माणसाने आयुष्यात केलेली सगळ्यात उपयोगी आखणी ही. तिला ब्रश आणि डबाभर रंग लागला.

गप्प होण्याची ती माझी कडक सोयही काढली. दार लागलं नाही तर आता लिफ्ट थोडं थांबते, दारात अडथळा आहे असं बोलते आणि पुन्हा प्रयत्न करते. ठप्प झालीच तर काय तपासायचं आणि कोणती कळ दाबायची, ते रहीमचाचांना शिकवलं.

बिघाड गेला. बाई यायला तयार नव्हत्या.

मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. या वेळी सौभाग्यवतींना सोबत घेतलं, एकट्याची हिंमत नव्हती. मिलिंदभाऊ आणि सूनही बसले. मी सगळं सांगितलं. चपला, किरण, चाचांचं पोछा मारणं, माझी सूर्याची टोपी, सगळं. बुटाची गोष्ट मी गाळणार होतो, ती सौभाग्यवतींनी सांगितली. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"मी गादीवर कोनाची चप्पल येऊ देली नाही," त्या म्हणाल्या. "मंग थ्याच चपलांनी मले वर अडकवलं म्हना."

"चपलांनी नाही, बाई. मी दारात जागा ठेवली नव्हती."

"आता नाही नं बंद पडत?"

मिलिंदभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की नाही म्हणा, फक्त नाही म्हणा. मला ते म्हणता येत होतं. लोक म्हणतात. पण पंचवीस वर्षांत मी हे वाक्य कुणाला लिहून दिलेलं नाही.

"पडेल," मी म्हणालो. "यंत्र आहे. कधीतरी बंद पडेल. पण आता बंद पडली तर चाचा तिला सुरू करतील. त्यांनाही जमलं नाही तर हाताने ब्रेक सोडून हळूहळू मजल्याला आणता येते, ते दुकानातल्या दोघांना शिकवलं आहे. तुम्हाला खुर्चीतून उतरवायची वेळ येऊ नये म्हणून मला जे सुचलं ते केलं. येणारच नाही असं मला सांगता येत नाही."

मिलिंदभाऊंनी कपाळाला हात लावला. सून चहाचे कप उचलायला उठली.

बाईंनी काठीची मूठ एकदा फिरवली. मग म्हणाल्या, "पोरी पांढरी साडी घेते, अन् विचारते, बाई, हिच्यावर डाग नाही नं पडत? मी म्हनतो, पडन बापा. पांढरं हाय, डाग पडनच. धुवाचा कसा थे सांगतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनी म्हनलं असतं का कधीच नाही पडत बंद, तं म्या त्याले दारातूनच वापस धाडलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. मी मुक्काम केला होता, सकाळपासून सगळं तपासून ठेवलं होतं. बाई काठी टेकत तांबड्या रेघेपाशी आल्या, तिथे चपला काढल्या आणि काठीने त्या नीट सरळ केल्या. मी आत शिरायला पुढे झालो.

"तुमी कायले?" त्या म्हणाल्या.

"सोबत येतो वरपर्यंत."

"नाही बापा. तुमी अंदर असले तं मले भेव वाटते."

त्या एकट्या स्टुलावर बसल्या. दार लागलं, एकदाच. लिफ्ट वर निघाली. मी रस्त्यावर जाऊन पाहत उभा राहिलो, चाचाही. पहिल्या मजल्यापाशी त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी खाली पाहिलं नाही, समोरही पाहिलं नाही, नजर सरळ वरच्या दाराकडे. पोचल्या, दार उघडलं, त्या उठल्या आणि काचेच्या पलीकडे दिसेनाशा झाल्या.

मी यवतमाळला परतलो. दिवसभर फोन जवळ ठेवून बसलो. दिवेलागणीनंतर तो वाजला. मिलिंदभाऊ.

"साहेब, लिफ्टीचं एक होतं."

माझ्या हातातला घास ताटात परत गेला. "बंद पडली?"

"नाही नाही. चालू हाय. वरते दार उघडं करून उभी हाय मघाधरून. दुकान बंद कराची वेळ झाली, खालचे दिवे मालवले, अन् आई उतरूनच नाही राह्यली. तुमी जरा सांगून पाहा नं तिले, तुमचं ऐकन थे."

मी म्हटलं, द्या फोन. मिलिंदभाऊ बहुधा गादीपर्यंत चालत गेले. मला साड्यांच्या घड्या उलगडल्याचा आवाज आला, कुणी पोरगी आपल्या आईला हळूच काहीतरी विचारत होती. मग बाईंचा आवाज, फोनपासून लांब, मला उद्देशून नसलेला.

"लिफ्टवाल्याले म्हना, लिफ्ट थांबन, पळून नाही जात. थो दिवा इकडं कर आधी. हिले मोतिया पाहू दे उजेडात, दुधी हिले खुलत नाही."